फुरसतीचाही अभ्यास असतो

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओट्यावर मुलामुलींचा राबता सुरू होतो. कुणाला फार्मसीचे विचारायचे असते, कुणाला डी.एड.चे. यंदा आमची भाची आली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, "मामू, हे बघा. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात मनोरंजन आणि फुरसत या विषयाचा वेगळा विभाग आहे. त्यात पदवी मिळते."

आम्ही हसलो. आमचे दूल्हाभाई, म्हणजे पोरीचे अब्बा, शेजारीच चहा पीत होते. ते म्हणाले, "फीस भरून टाइमपास शिकायचा? तो तर आमच्या नाक्यावर फुकट शिकवतात." सगळे घर हसले. पोरगी गप्प बसली. शिक्षक असून आपण हसलो, हे आम्हाला रात्री खटकले आणि आम्ही त्या विषयाचे थोडे वाचन केले.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाची गिरणी कामगारांची वस्ती होती. मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळी वस्ती बेकार झाली. मारी याहोडा आणि तिच्या सोबत्यांनी तिथे जाऊन पाहणी केली. ते पुस्तक 1933 साली निघाले. आता लोकांना वेळच वेळ होता. मग वाचनालयात गर्दी वाढायला हवी होती ना? वर्गणी माफ केली, तरी पुस्तके नेणे निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने चालताना जागोजागी थांबत. दिवसभर काय केले असे विचारले, तर त्यांना धड सांगता येत नसे. बायकांचे तसे नव्हते. चूल, मुले, धुणे, ठिगळे यांत त्यांचा दिवस पुरत नसे. (हे वाचून आमच्या बेगम म्हणाल्या, "यासाठी ऑस्ट्रियाला कशाला जायचे?")

हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर अब्बा आले. चाळीस वर्षे ते शिलाई मशीनवर बसले. नजर कमी झाली तेव्हा आम्ही भावांनी मशीन विकली आणि म्हणालो, "अब्बा, खूप मेहनत केलीत, आता आराम करा." आम्हाला वाटले, आपण खिदमत केली. दोन वर्षांत अब्बा बोलायचे कमी झाले. जोहर झाली की असरची वाट बघतात, मध्ये चार वेळा घड्याळ. आजार म्हणावा तर डॉक्टरांना काही सापडत नाही.

भाचीचा विषय नेमका इथला आहे. त्यात निम्मे मानसशास्त्रच म्हणा. शिकागो विद्यापीठातले मिहाय चिकसेंटमिहाय यांनी 78 नोकरदारांना आठवडाभर पेजर दिले होते. पेजर वाजला की आपण काय करतोय आणि कसे वाटतेय ते लिहायचे. 1989 साली निष्कर्ष छापून आले. माणसे मन लावून रमलेली जास्त करून कामात सापडली, सुट्टीच्या वेळात कमी. आणि तरी काम करताना त्यांना वाटे, हे सोडून दुसरे काहीतरी करावे! म्हणजे मोकळा वेळ वापरणे आपोआप येत नाही.

उपचारासाठी मनोरंजन अशी त्याची एक शाखा आहे. एखादा खेळ घ्यायचा आणि त्यात शरीर, बुद्धी आणि सोबत यांचा किती भाग लागतो ते उलगडायचे. कॅरमच घ्या. बोटांची ताकद, नजरेचा कोन, गुणांची बेरीज, आपल्या पाळीची वाट पाहणे, समोरच्याची चेष्टा सहन करणे. लकव्यातून उठलेल्या माणसाला यातले काय जमेल आणि काय बदलून द्यावे लागेल, हे ठरवणारी माणसे तिकडे इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत नोकरीला असतात. अमेरिकेत त्याचे प्रमाणपत्र हवे तर पदवीबरोबर किमान 560 तासांचे प्रत्यक्ष काम करावे लागते आणि वर परीक्षा.

कॅनडाचा खर्च आमच्या दूल्हाभाईंना झेपणारा नाही आणि पोरीसाठी शेत विका असे आम्ही सांगणार नाही. तिला म्हणालो, आधी इथे मानसशास्त्रात बी.ए. कर. पुढे कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग आहे. तोवर तुझे मन टिकले, तर बाहेरच्या शिष्यवृत्त्या आपण दोघे बसून बघू. तिने मान हलवली, पण नाराजी लपली नाही. दूल्हाभाईंनी अजून हो म्हटलेले नाही.

जाण्याआधी तिने माळ्यावरून कॅरम काढला, पुसला, पावडर टाकली आणि नानांसमोर ठेवला. काळ्या सोंगट्या त्यांना दिसत नव्हत्या. तिने प्रत्येकीवर खडूने पांढरा ठिपका काढला. अब्बांनी दोन नेम चुकवले, तिसऱ्याला एक सोंगटी पडली. मग म्हणाले, "दिवा जरा इकडे सरकव." असर झाल्यावर ते पुन्हा येऊन बसले. दूल्हाभाई निघायचे म्हणून चप्पल घालून उभे होते, त्यांना म्हणाले, "बसा, चौथा गडी कमी आहे."