उंदीर गेला कुठे?

बालदोस्तांनो, गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच फोन वाजला. पलीकडे माझी भाची. आठवीत आहे. आवाज अगदी रडवेला.

"मामा, तू आत्ताच्या आत्ता ये. आमचा उंदीर गेला!"

मला वाटलं, पांढरा उंदीर पाळला की काय हिनं! मग उलगडा झाला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी भाचीनं आणि तिच्या मैत्रिणीनं मिळून संगणकावरचा एक खेळ तयार केला होता. स्वयंपाकघरात फळीवर लाडू, खाली उंदीर. बाणांची बटणं दाबून उंदराला पळवायचं, मांजरीला चुकवायचं आणि लाडू मटकवायचे. लाडवागणिक उंदीर जाडा होत जातो! चित्रं सगळी मैत्रिणीनं काढलेली, प्रोग्रॅम भाचीचा. घरी महिनाभर खेळ झकास चालला. शनिवारी दोघींनी तो पेनड्राइव्हवरून शाळेच्या संगणकावर उतरवून घेतला, बाईंसमोर सुरू केला, आणि बघतात तो काय! फळी दिसते, लाडू दिसतात, मांजर दिसते. उंदीर नाही!

वर्गातली पोरं खो खो हसली. भाची मैत्रिणीला म्हणाली, "तूच चित्रं बिघडवलीस." मैत्रीण म्हणाली, "माझी चित्रं चांगली आहेत. तुझाच प्रोग्रॅम रद्दड." झालं! पहिलीपासूनची मैत्री, पण शनिवारी दोघी वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेल्या. आणि प्रदर्शन तर गुरुवारी.

मी पोहोचलो तेव्हा भाऊजी दारातच होते. म्हणाले, "बरं झालं आलात. रात्री अकरापर्यंत जागली. मी म्हटलं, सोड तो नाद, अभ्यासाचं बघ." आणि भाची? संगणकासमोर बसली होती. खेळाचं सगळं फोल्डर पुसून टाकायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, असा तिचा बेत. "मला नाही जमणार हे, मामा," ती म्हणाली.

दोस्तांनो, इथेच थांबा. बिघाड झाला की आपला हात पहिल्यांदा 'पुसून टाका' या बटणाकडे जातो. पण पुसलं की बिघाडाबरोबर पुरावाही जातो. चोरी झालेली खोली पोलीस येण्याआधी कुणी झाडून काढतं का? म्हणून पहिला नियम: काहीही पुसायचं नाही. आम्ही अख्ख्या फोल्डरची नक्कल केली, तिच्या नावात तारीख घातली आणि ती बाजूला ठेवली. आता कितीही घोळ झाला तरी परत यायला वाट होती.

आता हा खेळ कशात बनवला ते सांगतो. 'गोदो' नावाचं एक साधन आहे. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या अर्जेंटिनाच्या दोघांनी ते तयार केलं आणि २०१४ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. फुकट मिळतं, आणि त्याच्या पोटात काय आहे तेही कुणालाही बघता येतं. नाव कुठून आलं? सॅम्युएल बेकेट यांच्या 'वेटिंग फॉर गोदो' या नाटकावरून. त्या नाटकात सगळे ज्याची वाट बघतात तो गोदो शेवटपर्यंत येतच नाही. आमच्या खेळात उंदराचं तेच झालं होतं म्हणा ना!

मी भाचीला म्हटलं, "काय काय झालं ते मला सांगू नकोस. आजींना सांग." आजी शेजारी शेंगा सोलत होत्या. संगणकातलं ओ की ठो कळत नसलेल्या माणसाला आपली अडचण समजावून सांगणं, हा बिघाड शोधायचा एक नामी उपाय आहे. 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या १९९९ सालच्या पुस्तकात एक प्रोग्रॅमर यासाठी चक्क रबराचं बदक जवळ बाळगतो! आपल्याकडे आजी असताना बदक कशाला?

भाची सांगू लागली. "आजी, खेळ सुरू झाला. मी बाण दाबले. उंदीर दिसेना. लाडू मात्र एकेक करून नाहीसे व्हायला लागले..."

आजींचा हात थांबला. "अगं, मग लाडू कोण खातंय?"

भाची गप्प. मग एकदम ओरडली, "उंदीरच खातोय! म्हणजे उंदीर आहे! नुसतं त्याचं चित्र नाही!"

बघा हं, एका प्रश्नात केवढं काम झालं. उंदीर पळतो, म्हणजे बाणांचा प्रोग्रॅम ठीक. लाडवाला टेकला की लाडू जातो, म्हणजे टक्कर ओळखणारा भागही ठीक. राहिलं फक्त चित्र. मोठा प्रश्न असा कापून लहान करायचा, हा दुसरा नियम. हजार ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एक चूक दडलेली असली, आणि दर वेळी निम्मा भाग 'इथे नाही' म्हणून बाजूला काढता आला, तर दहा फेऱ्यांत आपण त्या एका ओळीपाशी पोहोचतो. खोटं वाटतं? हजाराचे निम्मे, त्याचे निम्मे, असं करून बघा.

आता तिसरा नियम: घरी चालतं आणि शाळेत चालत नाही, तर दोन्हीकडे काय वेगळं आहे ते शोधायचं. गोदो दोन्हीकडे तोच, फोल्डर तेच. पण घरच्या संगणकावर विंडोज, शाळेतल्या संगणकावर लिनक्स.

मी म्हटलं, "घरीच खेळ सुरू कर आणि खिडकीच्या तळाशी 'आउटपुट' लिहिलंय तिथे बघ." खेळ सुरू झाला. उंदीर टुणटुण पळायला लागला. आणि तळाशी एक पिवळी ओळ उमटली.

"ही होय? ही तर केव्हापासून येते! खेळ चालत होता, म्हणून मी लक्षच दिलं नाही."

ती ओळ इंग्रजीत होती. आम्ही शब्द शब्द लावून वाचली. अर्थ असा: तुम्ही मागितलेल्या फाइलीचं नाव आणि डिस्कवर असलेलं नाव यांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक आहे; ही फरक मानणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेवर फाइल उघडणार नाही. बिचारा गोदो रोज कानीकपाळी ओरडत होता!

घोटाळा काय झाला, सांगतो. मैत्रिणीनं उंदराच्या फाइलीचं नाव इंग्रजीत लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढलं होतं, कॅपिटल यू. भाचीनं प्रोग्रॅममध्ये तेच नाव लहान यूनं लिहिलं. आपल्या मराठीत मोठी आणि लहान लिपी नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ तर आहे? 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. विंडोज हे सैल हातानं पेपर तपासणाऱ्या मास्तरांसारखं. दोन्ही एकच धरतं, पुढे जातं. लिनक्स म्हणजे कडक बाई. वेलांटी चुकली की शब्द चुकला! अँड्रॉइड फोनचंही तसंच.

"मग मांजर कशी दिसली?" भाचीनं लगेच विचारलं. शाबास! असा प्रश्न पडलाच पाहिजे. मांजर आणि लाडू ही चित्रं तिनं उचलून थेट पडद्यावर ठेवली होती. त्यांची नावं गोदोनंच लिहून घेतली, अक्षरन् अक्षर बरोबर. उंदीर जाडा व्हायचा, म्हणून त्याची चित्रं प्रोग्रॅममधून बदलावी लागत. ती नावं भाचीनं हातानं लिहिली. तिथेच माशी शिंकली.

पण 'असं असेल' म्हणून भागत नाही. चौथा नियम: बिघाड आपल्या हातानं घडवून आणता आला पाहिजे. खेळ गोदोच्या बाहेर स्वतंत्र चालावा म्हणून तो 'एक्स्पोर्ट' करतात. त्यासाठी लागणारी टेम्प्लेट्स एकदा उतरवून घ्यावी लागतात. एक्स्पोर्ट करताना सगळ्या फाइली एका गाठोड्यात बांधल्या जातात, आणि हे गाठोडं विंडोजवरसुद्धा लहान-मोठं अक्षर मानतं. आम्ही घरीच एक्स्पोर्ट केलं, खेळ चालवला. उंदीर गायब! भाची आनंदानं टाळ्या पिटायला लागली. आदल्या दिवशी ज्या गोष्टीनं ती रडली, तीच घडल्यावर आज हसत होती. चोर हाती लागला होता ना!

मग सगळी नावं लहान अक्षरांत केली. हे काम गोदोच्या फाइलींच्या खणातूनच करावं, म्हणजे तो बाकीचे धागे स्वतः जुळवून घेतो. मात्र प्रोग्रॅममध्ये हातानं लिहिलेली नावं आपण स्वतः तपासायची. आणि एक मेख आहे: नुसतं मोठ्याचं लहान अक्षर केलं तर विंडोजला कधीकधी तो बदलच वाटत नाही. म्हणून आधी भलतंच नाव द्यावं, मग हवं ते. पुन्हा एक्स्पोर्ट केलं. उंदीर हजर! मग मात्र भाचीनं कायमचा ठराव केला: फाइलींची नावं सगळी लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नाही.

संध्याकाळी ती मैत्रिणीकडे गेली. मैत्रीण म्हणाली, "विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं, असं बाईंनीच शिकवलंय. उंदीर आपल्या गोष्टीचा नायक आहे!" तिचंही बरोबर, हिचंही बरोबर. फक्त दोघींनी आधी ठरवलं नव्हतं. गुरुवारी खेळासमोर दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि पहिलीच्या पोरांची ही रांग लागली होती.

आता तुमच्याही नेहमीच्या तीन तक्रारींवर झटपट उपाय.

पात्र जमिनीतून खाली पडतं: जमिनीला किंवा पात्राला टकरीचा आकार, म्हणजे 'कोलिजन शेप', द्यायचा राहिला असेल. यादीत त्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण दिसतोय का बघा. त्यावर टिचकी मारली की काय राहिलंय ते कळतं.

मित्राच्या संगणकावर खेळ भरधाव पळतो: तुम्ही पात्राला दर चित्रचौकटीला ५ ठिपके सरकवत असाल. सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या पडद्यावर ते ३०० ठिपके जाईल, १४४ दाखवणाऱ्यावर ७२०! वेग सेकंदाच्या हिशेबात ठरवा आणि त्याला 'डेल्टा'नं गुणा. डेल्टा म्हणजे मागच्या चौकटीपासून गेलेला वेळ.

जुन्या संगणकावर नवा गोदो धडपडतो: नवा प्रकल्प सुरू करताना तीन पर्याय दिसतात. त्यांतला 'कंपॅटिबिलिटी' निवडा. बाकीच्या दोन पर्यायांना जी नवी चित्रयंत्रणा लागते ती जुन्या यंत्रांत नसते.

जाता जाता आणखी एक. संगणकातल्या चुकीला 'बग' म्हणजे किडा म्हणतात. शब्द जुना आहे, एडिसननंही तो वापरला होता. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकात खरंखुरं पाखरू अडकलेलं सापडलं. तिथल्या लोकांनी काय केलं? ते पाखरू नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवलं आणि शेजारी नोंद केली. ती वही अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. तुम्हीही एक वही घाला. काय बिघडलं, काय करून पाहिलं, कशानं सुधारलं, हे तारखेसकट लिहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं गुण आला ते कळायचं नाही. भाचीच्या वहीचं पहिलं पान त्या रविवारचं आहे. त्यावर आजींचा प्रश्न लिहिला आहे.

आणि पालकहो, तुमच्यासाठी दोन शब्द. मूल संगणकासमोर रडकुंडीला आलं की 'सोड तो नाद' हे शब्द तोंडाशी येतात. त्याऐवजी जवळ बसा आणि म्हणा, "काय झालं ते मला पहिल्यापासून सांग." संगणक येत नसला तरी चालेल. आजींना तरी कुठे येत होता? भाऊजी हल्ली रात्री जेवणं झाल्यावर हळूच उंदराला लाडू चारत बसतात, बरं का!

या आठवड्याचं कोडं: एका खेळात ६४ चित्रं आहेत. त्यांतल्या नेमक्या एका चित्रामुळे खेळ बंद पडतो. दर वेळी निम्मी चित्रं काढून तपासली, तर खराब चित्र जास्तीत जास्त किती फेऱ्यांत सापडेल? उत्तर पुढच्या अंकात. तोवर पिवळ्या ओळी वाचत जा!