शेवटची गोळी केव्हा घेतली?

‘रक्त पातळ करायची गोळी’ हे शब्द आता आपल्या घराघरांत इतके रुळले आहेत की त्यांत काही चूक असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही. वास्तविक या गोळीने रक्त पातळ होत नाही. ताकात पाणी घालावे तसे तिथे काही घडत नाही. रक्त होते तेवढेच दाट राहते. फक्त त्याची गुठळी व्हायला वेळ लागतो. शब्दांतली ही ढिलाई एरवी चालून गेली असती. पण काही तपासण्यांत प्रयोगशाळा मोजते तो नेमका हाच वेळ. नळीतले रक्त किती सेकंदांत गोठले, यावरून त्या माणसाच्या प्रकृतीचा अंदाज बांधला जातो. आणि गोळीचे तर कामच ते सेकंद बदलण्याचे! मग जो आकडा हाती येतो तो माणसाचा की गोळीचा?

आमचे केळझर नागपूर-वर्धा रस्त्यावरचे. टेकडीवरच्या गणपतीमुळे गाव चार लोकांना ठाऊक आहे. महाभारतातली एकचक्रानगरी हीच, असे गावकरी सांगतात. दवाखान्यांच्या बाबतीत या गावाला कमनशिबी म्हणता येणार नाही. एका अंगाला नागपूर, दुसऱ्या अंगाला सावंगीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी उभे केलेले सेवाग्रामचे. पण या सोयीतूनच एक गैरसोय निघते. म्हाताऱ्याचे हृदय नागपुरात दाखवलेले, मोडलेला पाय सावंगीत, ताप सेवाग्रामला आणि दात तालुक्याच्या गावी. प्रत्येक ठिकाणचा कागद वेगळा, आणि सगळे कागद प्लॅस्टिकच्या एकाच पिशवीत. रक्त काढणारा पोरगा विचारतो, “आबाजी, कोनती गोळी चालू हाये?” आबाजी सांगतात, “थे नाही का, बारकीशी पांढरी. सकाळची.” पोरगा मान हलवतो आणि निळ्या झाकणाची नळी भरतो. नळीवर नाव जाते, वय जाते. बारकी पांढरी गोळी मात्र केळझरलाच राहते.

या गोळ्यांचा इतिहास शेतकऱ्याला ओळखीचा वाटावा असा आहे. 1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी आलेला गवताचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. 1933 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी दुधाच्या डब्यात न गोठणारे रक्त घेऊन कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. त्या संशोधनातून पुढे वॉर्फरिन निघाले. 1948 मध्ये ते उंदीर मारायचे औषध म्हणून बाजारात आले, 1954 मध्ये माणसांसाठी मान्य झाले, आणि 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच देण्यात आले. आपल्याकडे त्याचेच भावंड असलेले असिनोकुमारॉल अधिक वापरात आहे. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेने तयार केलेली आणि 1990 साली प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवलेली झडप घ्या किंवा परदेशी बनावटीची. धातूची झडप बसली की ही गोळी जन्माची सोबतीण होते.

या जुन्या गोळ्यांची आणि तपासणीची जोडी ठरलेली आहे. रक्त गोठण्याचा वेळ मोजण्याची पद्धत अमेरिकेतल्या आर्मंड क्विक यांनी 1935 मध्ये मांडली. पण प्रत्येक प्रयोगशाळेचे रसायन वेगळे, म्हणून एकाच रक्ताचे नागपुरात एक आणि मुंबईत दुसरे उत्तर येई. जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्ये सगळ्यांना एका मापात आणले; तेच ‘आयएनआर’. निरोगी माणसाचा हा आकडा एकच्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्याचा बहुधा दोन ते तीन ठेवतात, काही झडपांना त्याहून थोडा अधिक. पालक, मेथी एकाएकी भरपूर खाल्ली की तो उतरतो. काही प्रतिजैविकांनी चढतो. इथवर सगळे सरळ आहे. इथे गोळीचा परिणाम मोजायचा म्हणूनच तपासणी केलेली असते.

घोटाळा पुढे सुरू होतो. 2008 नंतर एकेक करून डॅबिगाट्रान, रिव्हरॉक्साबान, अ‍ॅपिक्साबान या नव्या गोळ्या आल्या. वारंवार रक्त तपासावे लागत नाही, ही त्यांची मोठी सोय. पण आयएनआर हे माप जुन्या गोळ्यांसाठी बेतलेले आहे. नव्या गोळ्यांना ते लावणे म्हणजे किलोच्या वजनाने कापड मोजणे! अ‍ॅपिक्साबान अंगात पुरेसे असतानाही हा आकडा अगदी सामान्य दिसू शकतो. तो पाहून कोणी दात उपटायला किंवा हाडाची शस्त्रक्रिया करायला निर्धास्तपणे बसला, तर रक्त थांबता थांबणार नाही. उलट, सलाइनच्या ज्या नळीतून हेपॅरिन दिले तिच्यातूनच नमुना काढला, तर रक्त मुळीच गोठत नाही असा भयंकर अहवाल येतो आणि धडधाकट माणसाचे घर रात्रभर जागे राहते.

याहून वाईट गत ‘मुळातला दोष’ शोधणाऱ्या तपासण्यांची होते. समजा, बाळंतपणानंतर एखाद्या सुनेच्या पायाच्या किंवा मेंदूच्या शिरेत गुठळी झाली. आपल्याकडच्या डॉक्टरांना हे अपरिचित नाही. औषध सुरू होते आणि लगेच गुठळीचे कारण शोधायला रक्त पाठवले जाते. आता वॉर्फरिनसारखी गोळी यकृताला ‘के’ जीवनसत्त्वाचा उपयोग करू देत नाही, आणि प्रोटीन सी व प्रोटीन एस हे गुठळीला आवर घालणारे घटक त्याच जीवनसत्त्वावर तयार होतात. साहजिकच ते कमी भरतात. प्रोटीन एस तर गरोदरपणातही उतरलेले असते. हेपॅरिनने अँटिथ्रॉम्बिन कमी दिसते. रिव्हरॉक्साबान चालू असताना ‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’ची तपासणी दोष नसतानाही दोष दाखवू शकते. यंत्राने काम चोख केलेले असते, तंत्रज्ञानेही. आकडा खरा असतो. त्यातून काढलेला अर्थ खोटा असतो.

आणि तो खोटा अर्थ कागदावरून घरात शिरतो. ‘हिच्या रक्तातच दोष आहे’ हे वाक्य एकदा सासरी उच्चारले गेले की ते पुसायला कोणते रसायन मिळत नाही. दुसरे मूल होऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न त्यावर ठरतो. ‘आनुवंशिक’ हा शब्द लागला की तिच्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीपर्यंत तो जातो. कदाचित आयुष्यभर न लागणारी गोळी आयुष्यभर लागते. एवढे सगळे कशामुळे, तर शेवटची गोळी केव्हा घेतली, हे कोणी विचारले नाही म्हणून!

प्रयोगशाळेतली मंडळी म्हणतील, आम्हांला जे रक्त येते ते आम्ही तपासतो. अर्थ डॉक्टरांनी लावावा. डॉक्टर म्हणतील, ओपीडीत शंभर माणसे असताना प्रत्येकाची पिशवी कुठे उपसू? दोघांचेही खरे आहे. पण मी बँकेत उभी हयात काढली. तारीख नसलेला चेक समोर आला की आम्ही तो परत करत असू, मग आणणारा कितीही ओळखीचा असो. त्यात कोणाचा अपमान नव्हता. तारखेवाचून त्या कागदाला किंमत नव्हती, इतकेच. गोठण्याच्या तपासणीच्या अर्जावरही दोन रकाने सक्तीचे हवेत: कोणती गोळी, आणि शेवटची केव्हा. ते कोरे असतील तर नमुना घेऊ नये, आणि भरलेले असतील तर ती माहिती अहवालातही छापावी. याला नवे यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. पेन लागते.

माहिती असेल तर वाटाही आहेत. नव्या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण मोजणाऱ्या खास तपासण्या आहेत. कोळशाच्या वापराने नमुन्यातले औषध शोषून घेऊन मग तपासण्याची युक्ती आहे. जनुकांच्या तपासणीवर गोळीचा परिणाम होत नाही. काही तपासण्या उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी केल्या तरी चालतात, किंबहुना तेव्हाच कराव्या लागतात.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. तपासणी शुद्ध यावी म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये. झडप बसवलेल्या माणसाने तसे करणे म्हणजे अहवालासाठी जीव पणाला लावणे. गोळी थांबवायची की नाही आणि किती दिवस, हे ती लिहून देणाऱ्यानेच ठरवावे. आपण करायचे ते सोपे आहे. गोळीचे रिकामे पाकीट फेकू नका. पिशवीत सगळ्यांत वर ठेवा. त्यावर शेवटच्या गोळीची तारीख आणि वेळ लिहा. आणि सुई टोचण्याआधी ते पाकीट पुढे करा, समोरच्याने विचारले नाही तरी.