प्रतिष्ठा कोणाची?

फिलिपीन्समधील बागियो हे अमेरिकन राज्यकर्त्यांनी वसविलेले थंड हवेचे ठिकाण. तेथील हॅरिसन रस्त्यावर रात्री वाहने थांबतात आणि जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. पर्यटकांना त्यात केवळ स्वस्ताई दिसते. वास्तविक असे कपडे व्यापारासाठी आयात करण्यास १९६६ च्या कायद्याने बंदी आहे. जनतेचे आरोग्य व राष्ट्राची प्रतिष्ठा ही त्यामागील कारणे. तरीही गठ्ठे येतच राहतात. कायदा राबवायचाच, तर तो बंदरात आणि बड्या व्यापाऱ्यांच्या गोदामांत राबवावा. थंडीत कुडकुडत बसणाऱ्या विक्रेत्यावर नव्हे. श्रीमंत देशांनी टाकलेले कपडे विकून वा विकत घेऊन ज्यांना जगावे लागते, त्यांना रोजगार व पुरेशी मजुरी मिळेल, तेव्हाच राष्ट्राची प्रतिष्ठा राहील.