राजवाडा पाहावा, पण पाणी आधी

पावसाळा लागला की जव्हारचा जयविलास राजवाडा पाहायला मुंबई-नाशिकच्या पर्यटकांची पावले वळतात. गुलाबी दगडाची ही घुमटदार वास्तू मुकणे घराण्यातल्या यशवंतराव महाराजांनी उभारली. भोवती काजूची झाडी आहे. महादेव कोळी राजांचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. आदिवासी राजघराण्याचा असा वारसा महाराष्ट्रात दुर्मीळ आहे. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांची वाट धरणाऱ्या इथल्या कुटुंबांना पर्यटनातून गावातच काम मिळाले, तर हवेच आहे. म्हणून पर्यटनवाढीची मागणी रास्त ठरते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शेजारच्या मोखाडा तालुक्यातले मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या १९९२ च्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. कुपोषण अजून हटलेले नाही. अशा ठिकाणी सरकारी पैसा सुशोभीकरणावर का, हा प्रश्न कोणी विचारला तर तो विकासविरोधी ठरत नाही.

राजवाडा आधी की लोकांची गरज आधी, या वादात बीजिंगचा उन्हाळी राजवाडा दोन्ही बाजूंना बळ देतो. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी तो उद्ध्वस्त केला. पुढे सम्राज्ञी त्सशीने आरमाराचा निधी वळवून तो नव्याने सजवला आणि १८९५ मध्ये चीन जपानकडून हरला. हार केवळ त्या खर्चामुळे झाली नाही, पण अग्रक्रम चुकला होता हे नक्की. आज मात्र त्या राजवाड्याचे तळे आणि टेकडी सर्वांसाठी खुली आहेत. १९९८ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

यातून जव्हारपुरता निष्कर्ष असा. जयविलास खासगी मालकीचा आहे. त्याची डागडुजी तिकिटाच्या उत्पन्नातून व्हावी. सरकारने रस्ता, स्वच्छतागृहे आणि कचऱ्याची सोय करावी. मोठ्या हॉटेलांना परवानगी देण्याआधी आसपासच्या पाड्यांना बारमाही पाणी मिळाले पाहिजे. वाटाडे, घरगुती निवास आणि नागलीच्या भाकरीचे जेवण हे काम स्थानिक बचत गटांकडेच असावे. बोहाडा उत्सवातले मुखवटे आणि वारली चित्रे थेट कारागिरांकडून विकत घेता यावीत.

आधी पाणी, मग हॉटेले ही क्रमवारी जिल्हा प्रशासनाने लेखी ठरवून द्यावी. पर्यटकांनीही जेवण, मुक्काम आणि खरेदीचा पैसा स्थानिकांच्याच हाती द्यावा.