फिजिओथेरपी चालू ठेवणे

गेल्या 8 मार्चला मंचरमध्ये माझ्या आत्याचा सत्कार झाला. 'आदर्श माता' म्हणून. शाल, श्रीफळ, काचेची फ्रेम, सगळं साग्रसंगीत. वक्ते अगदी मन लावून बोलत होते (आपल्याकडे हातात माइक आला की मन आपोआप लागतं) आणि आत्या खुर्चीत बसून दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. साडेपाचच्या आत तिला घर गाठायचं होतं, मुलाची लघवी काढायला. ज्याच्यामुळे हा सत्कार, तो मुलगा तिथे नव्हताच. हॉल पहिल्या मजल्यावर. व्हीलचेअर वर कोण नेणार?

त्या दिवसापासून डोक्यात भुंगा लागलाय. आज शनिवार आहे, प्रॉडक्शनवाल्यांचा फोन आलेला नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

मुलगा म्हणजे माझा आतेभाऊ. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, दहावीचा निकाल लागून आठवडा झाला असेल, गडी जांभळावर चढला. जांभळाची फांदी दिसायला दणकट आणि मोडते काडकन, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यालाही होतं. पाठीचा मणका मोडला, कमरेखालची संवेदना गेली. पुण्यात ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू बसले, उत्तम झालं. पैसे उभे राहिले. थोडे सरकारी योजनेतून, थोडे भावकीतून आणि उरलेले माझ्या ऑफिसातल्या मित्रांनी तीन दिवसांत जमवून दिले. त्या मित्रांचे उपकार मी विसरणार नाही.

मग डिस्चार्ज मिळाला. कागदावर शेवटची ओळ होती: फिजिओथेरपी चालू ठेवणे.

बस्स. एवढंच. एखाद्या क्लायंटने आपल्याला अशी एका ओळीची रिक्वायरमेंट पाठवली तर आपण चाळीस प्रश्न विचारून त्याला हैराण करतो. इथे कुणीच काही विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हा फॉर्मात होतो, सगळ्यांना फोन करून 'ऑपरेशन सक्सेसफुल' सांगत होतो.

त्या एका ओळीत काय काय होतं ते आत्याला हळूहळू कळत गेलं. संवेदना नसलेल्या अंगाला एकाच जागी दाब बसला की कातडी मरते, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसुद्धा. दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढायची, हात स्वच्छ धुऊन, नाहीतर जंतुसंसर्ग थेट मूत्रपिंडापर्यंत जातो. पाय आखडू नयेत म्हणून रोज प्रत्येक सांधा हलवायचा. यातलं निम्मं तिला कळलं ते पाठीखाली रुपयाएवढी जखम झाल्यावर. ती जखम भरायला पाच महिने लागले आणि त्या पाच महिन्यांत व्यायाम बंद. आतोबांनी गोठ्यात पाइप वेल्ड करून धरून उभं राहायचे दांडे बनवले होते, ते तसेच गंजले.

आणि फिजिओथेरपी? मंचरहून पुणे साठेक किलोमीटर. भाड्याची गाडी, दोन माणसं उचलायला, चाकणचं ट्रॅफिक, चाळीस मिनिटांचा व्यायाम, परत चाकणचं ट्रॅफिक. आठवड्यातून तीनदा जायचं ठरलं होतं. मग एकदा झालं, मग महिन्यातून दोनदा, मग यूट्यूब.

आता कुणी म्हणेल, नशिबाचे भोग, त्याला कोण काय करणार! अरे बाबांनो, हे ज्ञान काही काल-परवा सापडलेलं नाही. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये अशा रुग्णांचा विभाग सुरू केला. त्याआधी कण्याला मार लागलेली माणसं बहुधा थोड्याच काळात जात, आणि जात ती कण्यामुळे नव्हे, तर जखमा चिघळून किंवा लघवीच्या संसर्गाने. गुटमननी वेळच्या वेळी कूस बदलायला लावली, रुग्णांना कामाला लावलं, खेळायला लावलं. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपल्या खडकीत जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 पासून आहे. मुरलीकांत पेटकरांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. त्यांच्यावरचा सिनेमा आपण सगळ्यांनी बघितला आणि 'काय जिद्द!' म्हणत बाहेर पडलो. जिद्द होतीच. पण पोहणं त्यांनी धरलं ते उपचाराचा भाग म्हणून. जिद्दीच्या पाठीशी कुणीतरी शिकवणारं होतं, हे आपण पॉपकॉर्नबरोबर विसरतो.

कौतुक हा जबाबदारी झटकायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. शाल दिली की फिजिओथेरपिस्ट द्यावा लागत नाही.

कायदा आहे म्हणाल, तर आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं की सरकारने आणि स्थानिक संस्थांनी पुनर्वसनाच्या सेवा द्याव्यात, आपल्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत. वा! आत्याच्या कुवतीची मर्यादा कुठल्या कलमात लिहिलीय?

सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2020 मध्ये एका खटल्यात हिशेब नीट मांडला होता. हरयाणातली बारा वर्षांची मुलगी, ट्रॅक्टरच्या अपघातात कायमची जायबंदी. भरपाई ठरवताना तिच्यासाठी दोन मदतनिसांचा वर्षानुवर्षांचा पगार मोजला आणि एकूण रक्कम 62 लाखांच्या वर गेली. म्हणजे सांभाळणं हे काम आहे आणि कामाला किंमत असते, हे निदान तिथे कागदावर आलं. पण ती वाहनाच्या अपघाताची भरपाई. जांभळावर दावा कुणी लावायचा?

यावर ठरलेलं उत्तर येतं: आपली कुटुंबव्यवस्था आहे ना! परदेशात बघा, कुणी कुणाचं नसतं. मला या कुटुंबव्यवस्थेला रात्री दोन वाजता एकदा भेटायचंय. तेव्हा उठणारी माणसं दोनच: आत्या आणि आतेबहीण. बहिणीने एस. वाय. बी. एस्सी. सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नाही, तसं सांगावं लागतच नाही. तिला शाल मिळाली नाही. आणि कुटुंबातला मी काय करत होतो? पुण्यातून दर महिन्याला पैसे पाठवत होतो आणि भावाचा अंगठा दाखवणारा फोटो स्टेटसला ठेवत होतो.

बातम्यांचंही तेच. मोनिका मोरे आठवते? जानेवारी 2014, घाटकोपर स्टेशन, फलाट आणि लोकलमधल्या फटीत पडून सोळा वर्षांच्या मुलीचे दोन्ही हात गेले. नंतरची मोठी बातमी ऑगस्ट 2020 ची, दोन्ही हातांचं प्रत्यारोपण झालं तेव्हाची. मधली साडेसहा वर्षं कृत्रिम हात लावून रोजचं आयुष्य शिकण्यात गेली. त्यांची बातमी व्हायला रोज काय घडणार होतं?

आता खरा संताप आणणारी गोष्ट. गेल्या मे महिन्यात ओळखीतून भावाला एका पुनर्वसन केंद्रात तीन आठवडे जागा मिळाली. तिथल्या नर्सने त्याला स्वतःची लघवी स्वतः काढायला शिकवलं. हात धडधाकट आहेत त्याचे, आठ दिवसांत जमलं. कूस स्वतः बदलायला तीन दिवस. पलंगावरून व्हीलचेअरवर एकट्याने जायला दोन आठवडे. म्हणजे आत्या ज्यासाठी सत्कारातून घड्याळ बघत उठली, ज्यासाठी बहिणीने कॉलेज सोडलं, ते काम तो पहिल्याच महिन्यांत शिकू शकला असता. आई कमी पडली नव्हती. तिच्यावर जे काम टाकलं होतं त्यातलं निम्मं तिचं नव्हतंच!

म्हणून मला शाली नकोत. डिस्चार्जच्या आधी पेशंटला आणि घरच्यांना हे सगळं करून दाखवल्याशिवाय सही होऊ नये. ऑपरेशनला पैसे देणाऱ्या योजनांनी आणि आपल्या ऑफिसच्या मेडिक्लेमने पुढच्या वर्षभराच्या फिजिओथेरपीचेही पैसे द्यावेत. (आपली पॉलिसी आजच उघडून बघा. मी बघितली. ॲडमिट न होता केलेली फिजिओथेरपी बसत नाही. एचआरला मेल टाकलाय, 'वी विल गेट बॅक टू यू' आलंय.) आणि तालुक्याला असा एक माणूस हवा, जो आठवड्यातून एकदा घरी येऊन पाठ बघेल.

बहीण यंदा परत एस. वाय.ला बसलीय, दोन वर्षं मागच्या मुलींबरोबर. भावाने सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, फेब्रुवारीत बारावी. परीक्षेचा वर्ग तळमजल्यावर मिळावा म्हणून अर्ज केलाय. सोमवारी सुट्टी टाकून मी त्याचीच चौकशी करायला जातोय.