शैलेय : नाव एक, द्रव्ये अनेक

शैलेय, शिलापुष्प ही नावे पूर्वाचार्यांनी द्रव्याच्या अधिष्ठानावरून योजिली. भावप्रकाशाने त्यास कर्पूरादि वर्गात स्थान दिले आणि नारायण तैलाच्या कल्कात ते आजही घातले जाते. तथापि औषधिपत्रकावर ‘पार्मेलिया पर्लाटा’ (आजचे नाव पार्मोट्रेमा पर्लाटम) असे छापले गेले, तरी दगडफुलाच्या पोत्यात पार्मोट्रेमा टिंक्टोरम, एव्हर्नियास्ट्रम सिऱ्हेटम आदींची सरमिसळ आढळते. याकडे आम्ही व्यवसायबंधूंचे लक्ष वेधू इच्छितो.

‘खडकावर उगवले ते शैलेय’ हा निकष येथे अपुरा पडतो. पर्लाटम खडकावर वाढते तसेच झाडाच्या सालीवरही वाढते. उलट खडकावर वाढणारी इतर शैवाके पुष्कळ आहेत. शैवाक म्हणजे कवक व शैवल यांचे सहजीवन. त्यातील विशिष्ट आम्ले कवक निर्माण करते आणि ती जातीनुसार बदलतात. द्रव्य बदलले की घटक बदलतात; मग गुणकर्माचा दावा कशाच्या आधारे करावयाचा?

परीक्षा अवघड नाही. भिंगातून पाहता पर्लाटमच्या कडांवर पिठूळ कणांच्या राशी व विरळ काळे केस दिसतात. टिंक्टोरमच्या पृष्ठभागावर प्रवाळासारखे सूक्ष्म अंकुर असतात. सिऱ्हेटमच्या फाट्या अरुंद, पट्टीसारख्या असतात. पुढे पात्याने वरची त्वचा खरवडून आतील पांढऱ्या थरावर थेंब टाकावा. विरंजक द्रवाने टिंक्टोरम तत्काळ लाल होते, पर्लाटम होत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पर्लाटम पिवळे होते, तर सिऱ्हेटम प्रथम पिवळे व मग लाल होते. ही थेंब-परीक्षा नायलँडर यांनी १८६६ मध्येच रूढ केली.

शैवाकास मुळे नसतात. ते हवेतूनच पोषण घेते व त्यासोबत जड धातूही साठविते. म्हणून शिसे १० व कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादांची तपासणीही आवश्यक ठरते.

आमचे आग्रहाचे मत असे की, फार्मसीचालकांनी चुरा न घेता अखंड दगडफूल घ्यावे, प्रत्येक खेपेचा नमुना जपून ठेवावा आणि शंका आल्यास लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था किंवा पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांसारख्या शैवाक-संग्रह असलेल्या ठिकाणी विचारणा करावी. द्रव्याची ओळख पटल्याशिवाय त्याचे नाव छापणे हा रुग्णाच्या विश्वासाचा भंग होय.