तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा ठरत नाही



या स्तंभातून आजवर इतरांच्या चुका सांगून सावध राहण्याचा सल्ला देत आलो. आज स्वतःची चूक सांगावयाची आहे. ती कबूल करण्यास संकोच वाटतो. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीवर तीच चूक केव्हाही घडू शकते, म्हणून सांगणे भाग आहे.

माझ्या भाच्याचे दिग्रसकडे कृषी केंद्र आहे. जून महिन्यात बी-बियाणे व खते उधारीवर द्यावयाची आणि कापूस बाजारात आला की वसुली करावयाची, हा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील जुना रिवाज. गेल्या नोव्हेंबरात, वसुलीला प्रारंभ होत असतानाच, एका सायंकाळी अकस्मात वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच निकामी झालेली होती; त्यामुळे नोंद चालू असतानाच संगणक बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर सूचना आली, की ज्या ड्राइव्हवर हिशेब ठेवला आहे त्यात दोष आढळले आहेत. तपासून दुरुस्त करावयाचे काय?

भाच्याने फोन केला. "मामा, हो म्हणू का?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "म्हण की. चेकडिस्क आहे ते, विंडोजचंच आहे. आणि खराब जागा शोधायलाही सांग, म्हणजे एकदाचं काम होईल."

ती तपासणी दिवसभर चालली. सायंकाळी अहवाल आला, की दोष दुरुस्त झाले. ड्राइव्ह व्यवस्थित उघडला, परंतु टॅलीमधील कंपनी उघडेना. हिशेबाच्या काही फाइली जागेवर नव्हत्या आणि 'फाउंड.०००' नावाचे एक नवे फोल्डर निर्माण झाले होते. त्यात 'फाइल००००.सीएचके' अशा क्रमांकांच्या निनावी फाइली होत्या. हिशेबाची शेवटची प्रत पेन ड्राइव्हवर होती, पण ती मे महिन्याच्या अखेरची. म्हणजे नेमकी खरिपाची संपूर्ण उधारी नाहीशी झाली.

हे असे का झाले, ते समजून घेण्यासाठी आपल्या परिचयाच्या वहीचेच उदाहरण घेऊ. संगणकाची डिस्क ही असंख्य कोऱ्या पानांची खतावणी समजा. कोणते खाते कोणत्या पानांवर आहे याची एक अनुक्रमणिका असते आणि कोणती पाने कोरी आहेत याचीही एक यादी असते. या व्यवस्थेस फाइल सिस्टिम म्हणतात. वीज अचानक गेली की पान लिहिले जाते पण अनुक्रमणिकेत नोंद राहते. किंवा अनुक्रमणिका एक पान दाखविते आणि कोऱ्या पानांची यादी तेच पान कोरे म्हणते. कधी एकाच पानावर दोन खाती हक्क सांगतात.

चेकडिस्क हा असा मेळ घालणारा मुनीम होय. तो टप्प्याटप्प्याने काम करतो. प्रथम प्रत्येक फाइलची मूळ नोंद पाहतो, मग नावे व फोल्डर यांची सांगड तपासतो, त्यानंतर कोणास कोणती फाइल पाहण्याचा अधिकार आहे ती नोंद पडताळतो. खराब जागा शोधण्याचे सांगितल्यास यापुढे संपूर्ण डिस्कचे एकेक पान वाचून पाहतो. युनिक्सवरील 'एफएससीके' हा कार्यक्रमही हेच काम करतो. त्यास सापडलेल्या बेवारस फाइली तो 'लॉस्ट अँड फाउंड' या फोल्डरात ठेवतो. आपल्या भाषेत, ज्या रकमेचे खाते सापडत नाही ती तूर्त उचंत खाती टाकणे, तसाच हा प्रकार. भाच्याच्या संगणकावरील 'फाउंड.०००' म्हणजे हे उचंत खातेच होते.

येथवर सारे ठीक आहे. परंतु एक गोष्ट मी विसरलो. हा मुनीम पानांवर काय लिहिले आहे ते वाचत नाही. त्यास केवळ अनुक्रमणिका, पाने आणि कोऱ्या पानांची यादी यांचा मेळ हवा असतो. एखादी नोंद जुळत नसेल आणि जुळविताही येत नसेल, तर तो ती काढून टाकतो. नोंद गेली की तफावत संपली, आणि त्याच्या लेखी दुरुस्ती पूर्ण झाली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकवितात, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा असे नव्हे. एखादा व्यवहार दोन्ही बाजूंनी लिहावयाचा राहून गेला तरी तेरीज जुळतेच. हे मी एम.कॉम.पर्यंत शिकलो, पुढे बँकेत आयुष्यभर वापरले आणि संगणकासमोर मात्र विसरलो.

बँकेचा आणखी एक नियम येथे आठवतो. चुकीची नोंद खोडावयाची नाही. उलट नोंद करून ती दुरुस्त करावयाची, म्हणजे मूळ चूकही कागदावर राहते. चेकडिस्क मात्र खोडून दुरुस्त करतो, आणि पूर्ववत करण्याची सोय त्यात नाही. म्हणून त्यास हो म्हणणे ही सही करण्याइतकीच गंभीर गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, आजच्या संगणकात वीज गेली तरी काही बिघडत नाही. त्यात अर्धे सत्य आहे. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस या पद्धतीत आपल्या किर्दीसारखी सोय आहे. अनुक्रमणिकेत बदल करण्यापूर्वी तो बदल एका रोजकीर्दीत लिहिला जातो. मध्येच वीज गेली तर संगणक पुन्हा सुरू होताना ती किर्द वाचून अर्धवट काम पुरे करतो किंवा रद्द करतो. परंतु ही किर्द अनुक्रमणिकेपुरती आहे. फाइलच्या आतील मजकूर, म्हणजे आपली जमा-नावे, त्यात लिहिली जात नाहीत. पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट ३२ किंवा एक्सफॅट ही पद्धत असते. त्यात तर अशी किर्दच नाही. म्हणून पेन ड्राइव्ह तसाच उपसून काढू नये, 'सेफली रिमूव्ह' करूनच काढावा.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. डिस्कचे दुखणे दोन प्रकारचे असते: नोंदींचा मेळ बिघडणे आणि डिस्कच झिजणे. भाच्याची डिस्क सहा वर्षांची होती आणि काही आठवडे टकटक आवाज करीत होती, हे त्याने मला मागाहून सांगितले. मीही आधी विचारले नाही. अशा आजारी डिस्कचे एकेक पान दिवसभर वाचावयास लावणे म्हणजे धाप लागलेल्या माणसास जिना चढावयास लावणे होय. आवाज करणाऱ्या डिस्कवर कोणतीही दुरुस्ती चालवू नये. संगणक बंद करून ती जाणकाराकडे द्यावी. तो प्रथम संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतो आणि पुढील प्रयोग त्या प्रतीवर करतो. नव्या एसएसडी डिस्क आवाज करीत नाहीत आणि पुष्कळदा पूर्वसूचना न देता बंद पडतात, हेही लक्षात असावे.

मग असा प्रसंग आल्यास करावे काय? क्रम असा ठेवावा.

पहिले, घाई करू नये. संगणक सुरू होतानाच तपासणीची सूचना आली, तर बहुधा काही सेकंदांत कोणतीही कळ दाबून ती टाळता येते. दुसरे, ड्राइव्ह उघडत असेल तर हिशेबाचे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या निराळ्या डिस्कवर उतरवून घ्यावे. जुन्या चांगल्या प्रतीवर ते लिहू नये. नव्या फोल्डरात ठेवावे. तिसरे, आता तपासणी करावी, तीही प्रथम केवळ पाहण्यापुरती. चेकडिस्क नुसता चालविला तर तो दोष सांगतो, काहीही बदलत नाही. 'एफ' हे अक्षर जोडल्यावर तो दुरुस्ती करतो आणि 'आर' जोडल्यावर खराब जागाही शोधतो. चौथे, प्रत हाती असेल तरच दुरुस्तीस हो म्हणावे, आणि ती सुरू झाल्यावर मध्येच संगणक बंद करू नये. पाचवे, दुरुस्तीनंतर कंपनी उघडली एवढ्यावर समाधान मानू नये. शेवटचा बिल क्रमांक, रोकड शिल्लक, बँकेची शिल्लक आणि मागील छापील तेरीज यांच्याशी ताळा घ्यावा. टॅलीची स्वतःची दुरुस्तीची सोय निराळी आहे. तीही प्रत काढल्यावरच वापरावी.

प्रतीविषयी दोन शब्द. रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ साली आला आणि त्यानंतरच्या वर्षांत आमच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. तेव्हा दिवसअखेरचा मेळ बसल्यावर फ्लॉपीवर प्रत काढल्याखेरीज कोणी घरी जात नसे, आणि एक संच शाखेबाहेर ठेवला जाई. आम्ही तरुण कर्मचारी कुरकुर करीत असू. आज त्या शिस्तीचे मोल कळते. एकाच पेन ड्राइव्हवर रोज नवी प्रत लिहिली, तर बिघडलेला हिशेब चांगल्या हिशेबावर लिहिला जाण्याचे भय असते. म्हणून आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्यांच्या प्रती ठेवाव्यात: एक महिनाअखेरची, एक आठवड्याची, एक रोजची. एक तरी प्रत दुकानाबाहेर असावी. २२ जुलै २०२३ रोजी झालेल्या अतिवृष्टीत यवतमाळ शहरात पाणी कसे शिरले, ते आपण विसरलेलो नाही. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही न मोजलेल्या गल्ल्यासारखीच असते. शिवाय जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे.

भाच्याच्या पेढीवर पुढे काय झाले ते सांगून थांबतो. बिलबुकातील कार्बन प्रती होत्या. खरेदीचा तपशील जीएसटीच्या पोर्टलवरून मिळाला. तिघांनी पंधरा दिवस रात्री बसून उधारी पुन्हा चढविली. परंतु मधल्या काळात ज्यांनी पैसे भरले होते, त्यांच्या सर्व पावत्यांच्या प्रती सापडल्या नाहीत. डिसेंबरात एक वृद्ध शेतकरी दुकानी आला असता भाच्याने त्यास बाकी सांगितली. तो काही वेळ नुसता पाहत राहिला आणि म्हणाला, "शेटजी, पैसे तं म्या पोयाच्या आंधीच देल्ले." मग बंडीच्या आतील खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पावती काढून त्याने पुढे ठेवली. भाच्याने हात जोडून क्षमा मागितली. त्यानंतर ज्यांच्याकडे पावती नव्हती, त्यांचा शब्द प्रमाण मानून त्याने खाती बंद केली. त्यात थोडे नुकसान झाले, पण ते योग्यच होते. चूक आमच्या वहीची होती, त्यांची नव्हे.

चेकडिस्कला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने सांगितलेले काम चोख केले. आधी प्रत काढण्याचे त्यास ठाऊक नव्हते. ते मला ठाऊक असावयास हवे होते. आज दुकान बंद करण्यापूर्वी आपल्या हिशेबाची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, एवढे एकदा पाहून घ्यावे, ही विनंती.